वळणावरची मसल कार

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात लिंकन शहराच्या कडेला एका जुन्या हवाई तळाचं विस्तीर्ण सिमेंटचं मैदान आहे. हवाई दलानं 1966 साली तो तळ सोडला. 2009 पासून सप्टेंबरात त्याच मैदानावर हजारावर हौशी चालक आपापल्या गाड्या घेऊन जमतात. ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ ही 1944 साली स्थापन झालेली संस्था. तिची ‘सोलो नॅशनल्स’ म्हणजे ऑटोक्रॉसची राष्ट्रीय स्पर्धा, 1973 पासून सुरू झालेली. मैदानावर नारिंगी शंकू मांडून दोन मार्ग आखलेले असतात. प्रत्येक मार्गावर तीन फेऱ्या मिळतात, दोन्हींकडच्या उत्तम वेळांची बेरीज होते आणि विजेता ठरतो. फेरी जेमतेम मिनिटभराची असते. तेवढ्यासाठी माणसं दोन-दोन दिवस गाडी चालवत येतात.

आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटलं की मातीचा ट्रॅक आणि उडणारा धुरळा आठवतो. अमेरिकेतला प्रकार वेगळा. एखाद्या स्टेडियमचं रिकामं पार्किंग किंवा वापरात नसलेली धावपट्टी एवढीच जागा लागते. गाडी एकटी सुटते, शर्यत घड्याळाशी असते आणि वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजली जाते. मार्ग दर वेळी नवा असतो. सरावाला गाडी नेता येत नाही, सकाळी पायी फिरून वळणं डोक्यात साठवायची. प्रत्येक शंकूभोवती खडूची चौकट आखलेली असते. शंकू आडवा झाला किंवा चौकटीच्या पूर्ण बाहेर सरकला की दोन सेकंदांचा दंड. थोडासा सरकून उभा राहिला तर माफ. दोन शंकूंमधलं एखादं दार चुकलं तर ती फेरीच बाद. वेग साधारण महामार्गावरच्या गाड्यांइतका, बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्ये. धडकायला भिंत नाही, समोरून कोणी येत नाही. म्हणूनच रोजच्या वापरातली गाडी घेऊन इथं उतरता येतं.

या खेळासाठी जणू घडवलेली गाडी म्हणजे माझदा मियाटा. पहिल्या पिढीची सुरुवातीची मियाटा टनभरही वजनाची नव्हती. तिच्या शेजारी 1969 ची शेव्हरोले कॅमॅरो उभी राहते तेव्हा तिचं वजन जवळजवळ दीडपट असतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त पुढच्या चाकांवर.

मसल कार जन्मली तीच सरळ रस्त्यासाठी. 1964 च्या मॉडेलसाठी पॉन्टियॅकनं मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये 389 घनइंचांचं, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचं इंजिन बसवून जीटीओ विकायला काढली. 1964 च्या एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली आणि 1967 च्या मॉडेलपासून कॅमॅरो. मोठं इंजिन, बेताची किंमत आणि पाव मैलाची सरळ धाव, एवढ्यावर त्या पिढीचं मन जडलं. वळणाचा विचार त्यात फारसा नव्हता. कॅमॅरोच्या मागच्या बाजूला अखंड एक्सल आणि कमानपाटे, अनेक गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि स्टिअरिंग असं सैल की हात वळला तरी चाकाला कळायला वेळ लागावा. अशी गाडी जोरात वळवली की उतारावर भरलेली बैलगाडी बैलांना पुढे रेटते तसं इंजिनाचं ओझं नाकाला सरळच रेटत राहतं.

पण या गाड्यांना वळताच येत नाही, हा समज खरा नाही. ते त्यांच्याच काळात सिद्ध झालं होतं. याच क्लबनं 1966 मध्ये ट्रान्स-अॅम मालिका सुरू केली. तिथली मर्यादा पाच लिटरची, म्हणून शेव्हरोलेनं 302 घनइंचांचं इंजिन घालून कॅमॅरो झेड/28 काढली. रॉजर पेन्स्के यांच्या संघाकडून मार्क डोनोह्यू यांनी 1968 आणि 1969 या दोन्ही वर्षी कॅमॅरोतून मालिका जिंकली. त्याआधी 1965 मध्ये कॅरोल शेल्बी यांच्या जीटी350 मस्टँगमध्ये पुढच्या सस्पेन्शनचा वरचा आर्म एक इंच खाली बसवला होता. ही कल्पना फोर्डचे सस्पेन्शन अभियंते क्लाउस आर्निंग यांची.

या एका इंचाकडे नीट पाहायला हवं, कारण सगळी विद्या त्यातच आहे. मूळ रचनेत गाडी वळणावर कलली की बाहेरचं चाकही तिच्यासोबत बाहेर कलतं. टायर आपल्या कडेवर उभा राहतो, रबराचा बराच भाग रस्ता सोडतो आणि नेमकी हवी तेव्हा पकड जाते. वरच्या आर्मचा बिजागरीबिंदू खाली आणला की चाक दबताना त्याचा माथा आत ओढला जातो आणि टायर रस्त्यावर सपाट टेकून राहतो. जुन्या मस्टँगमध्ये त्यासाठी चार नवी भोकं पाडावी लागतात. नवा भाग एकही नाही, खर्च जवळजवळ शून्य. पहिल्या पिढीच्या कॅमॅरोत असाच बदल रेसर डिक गुल्डस्ट्रँड यांच्या नावानं ओळखला जातो. शेकडो अश्वशक्ती वाढवूनही जे मिळत नाही ते ड्रिल मशिननं मिळतं, हे मला या साऱ्या कारागिरीतलं सर्वांत सुंदर वाटतं.

मागच्या एक्सलची गोष्ट अवघड आहे. कमानपाट्यांवर दोन कामं पडतात: वजन पेलायचं आणि एक्सल जागेवर धरायचा. जोरात अॅक्सिलरेटर दाबला की पाटे पिळवटतात आणि चाकं उड्या मारू लागतात. वळणावर सगळा एक्सल आडवा सरकतो. म्हणून हौशी मालक ही कामं वाटून देतात. वजनासाठी कॉइल स्प्रिंग, पुढे-मागे धरायला दांडे, आणि आडवं धरायला पॅनहार्ड रॉड किंवा वॉट लिंकेज. हे दुसरं म्हणजे दोन लांब दांडे आणि मध्ये फिरणारा एक छोटा तुकडा, ज्यामुळे एक्सल सरळ रेषेत वर-खाली होतो. जेम्स वॉट यांनी ती जुळणी वाफेच्या इंजिनासाठी योजली आणि 1784 मध्ये तिचं पेटंट घेतलं. एकोणिसाव्या शतकाच्याही आधीचं हे यंत्रशास्त्र आज कॅमॅरोच्या पोटाखाली चोख काम करतं.

इंजिन बदलतात तेही बरेचदा हलकेपणासाठी. 1997 च्या कॉर्व्हेटपासून आलेल्या अॅल्युमिनियमच्या एलएस इंजिनात ताकद भरपूर आणि जुन्या बिडाच्या इंजिनापेक्षा वजन कितीतरी कमी. तेही नेमकं नाकावरून उतरतं. मग मोठे डिस्क ब्रेक, रुंद टायर मावावेत म्हणून मागच्या चाककमानी आतून कापून रुंद करणं, आणि अंगाला घट्ट धरणारी सीट. सीटचं महत्त्व नवख्यांना पटत नाही. जुन्या गुळगुळीत सीटवर चालक स्टिअरिंगला लटकून स्वतःला सावरतो. मग गाडी काय सांगते ते त्याच्या हातांना कळणार कसं?

असा गाडीवर जीव लावणाऱ्यांची पूर्वी स्पर्धेत अडचण होत असे. एवढे बदल केले की नियम त्यांना शर्यतीसाठी सोलून काढलेल्या गाड्यांच्या गटात ढकलत. 2010 च्या दशकात क्लबनं क्लासिक अमेरिकन मसल, म्हणजे ‘कॅम’ हा गट काढला. जुन्या गाड्या, नव्या गाड्या आणि कॉर्व्हेटसारख्या दोन आसनी, असे त्याचे तीन भाग. इंजिन बदला, सस्पेन्शन बदला, पण गाडी रस्त्यावर नोंदलेली हवी, किमान वजन पाळायला हवं आणि टायरचा ट्रेडवेअर, म्हणजे झीज सोसण्याचा, आकडा 200 च्या खाली नको. बाकी सारं मोकळं सोडून टायरवर लगाम ठेवला, हा मला फार शहाणपणाचा नियम वाटतो. मालक त्याच गाडीतून घरी जाऊ शकतो.

जुन्या गाड्या अशा कापू नयेत असं मानणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं हलक्यानं घेण्यासारखं नाही. मूळ इंजिनासह टिकलेली 1969 ची झेड/28 जपलीच पाहिजे. पण त्या वर्षी कॅमॅरो सुमारे 2 लाख 43 हजार निघाल्या आणि त्यांत झेड/28 सुमारे 20 हजारच. बाकीच्यांत साध्या इंजिनाच्या, गंजून अंगणात पडलेल्या पुष्कळ. तशी एखादी पुन्हा धावती करणं हीसुद्धा जपणूकच आहे. राष्ट्रीय स्पर्धेची अनेक विजेतेपदं मिळवलेल्या मेरी पॉझी यांनी दुसऱ्या पिढीची कॅमॅरो वर्षानुवर्षं शंकूंमधून पळवली. त्या गाडीचं याहून चांगलं काय व्हायला हवं होतं?

या खेळाचा पाया मात्र गाड्यांपेक्षा माणसांवर आहे. सकाळी जो धावतो तो दुपारी उन्हात उभा राहून दुसऱ्यांनी पाडलेले शंकू पळत जाऊन उभे करतो. यातून राष्ट्रीय विजेताही सुटत नाही. पगारी माणसं जवळजवळ नसल्यामुळेच गावपातळीवरची प्रवेश फी साधारण 40 ते 70 डॉलरमध्ये भागते. गाडी नसेल तर मित्राच्या गाडीतून दुसरा चालक म्हणून उतरता येतं. वेगवेगळ्या गाड्यांची तुलना व्हावी म्हणून रिक रूथ यांनी गटवार गुणक बसवले आहेत. एखाद्या गटाचा गुणक 0.82 असेल तर 50 सेकंदांची फेरी 41 धरली जाते. मग कॅमॅरोवाल्याला मियाटावाल्याशी भांडायला अधिकृत जागा मिळते.

खर्चाबाबत खरं सांगायचं तर कॅम गटातल्या नामवंत गाड्यांवर मालकांनी हजारो डॉलर ओतलेले असतात. तरीही मला कोणी विचारलं तर मी क्रम सांगेन: आधी टायर, मग सीट, मग शॉक अब्सॉर्बर, आणि सगळ्यात शेवटी इंजिन.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना एक सुचवावंसं वाटतं. जवळच्या क्लबच्या रविवारच्या स्पर्धेत आपली रोजची सेडान घेऊन नाव नोंदवा. उंच एसयूव्ही मात्र उलटण्याच्या भीतीनं चालत नाहीत. लायसन्स जवळ ठेवा, बंद बूट घाला, डिकी रिकामी करा, चाकांचे नट आवळा, बॅटरी घट्ट बसली आहे ना ते पाहा. हेल्मेट बहुतेक क्लब उसनं देतात आणि नवख्याशेजारी शिकवणारा बसतो. आपली फेरी झाली की जुन्या मस्टँगवाल्याला तिच्या वरच्या आर्मबद्दल विचारा. तो बॉनेट उघडून दाखवेल.