लेहच्या हवेतली कुकी

पाककृतीच्या वहीत मैदा किती ते लिहिलेलं असतं, साखर लिहिलेली असते, बटर किती आणि ओव्हन किती अंशांवर तेही असतं. एक गोष्ट मात्र कुणीच लिहीत नाही. ज्या स्वयंपाकघरात ती पाककृती जमली, ते समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे?

आपल्या बेळगावात हे न लिहिल्यानं काही अडत नाही. बेळगाव साधारण ७५० मीटरवर, म्हणजे जेमतेम अडीच हजार फुटांवर आहे. बेकिंगमध्ये 'जास्त उंची' धरतात ती साधारण ३,००० फुटांच्या पुढे. त्यामुळे मुंबईच्या मावशीनं सांगितलेली कुकी इथं जमते आणि पणजीच्या मैत्रिणीचीही जमते. पण तीच वही घेऊन लेहला जा. लेह सुमारे ३,५०० मीटरवर, म्हणजे साडेअकरा हजार फुटांवर. तिथं वहीतला प्रत्येक आकडा थोडा थोडा खोटा ठरतो.

लेहच का, असं तुम्ही विचाराल. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्याच गावात आहे, त्यामुळे कुणाचा ना कुणाचा भाऊ, काका नाहीतर जावई 'वर' असतोच. आमचे दाजी तिकडे आहेत. त्यांना क्वार्टर मिळालं तशी ताई मुलांना घेऊन गेली आणि जाताना छोटा ओव्हनही घेऊन गेली. इथं ती दिवाळी-नाताळला ऑर्डरीप्रमाणे कुकीज करून द्यायची, चार पैसे मिळायचे. तिकडे पहिल्या खेपेला सगळ्या कुकीज ट्रेवर पसरून एकमेकींना चिकटल्या. कडा काळ्या, मध्ये कच्च्या. दुसऱ्या खेपेला तेच, तिसऱ्या खेपेला तेच. फोनवर म्हणाली, "माझा हातच गेला बघ. ओव्हन विकून टाकते." मी रसायनशास्त्र शिकते. मला तिच्या हातापेक्षा तिथल्या हवेचा संशय आला.

हवा काय करते?

आपल्या डोक्यावर हवेचा थर आहे आणि त्याला वजन आहे. जितकं वर जावं तितका वरचा थर कमी, म्हणून दाबही कमी. लेहला हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ६५ टक्केच असतो. मनालीहून लेहला जाताना वेफर्सची बंद पाकिटं फुग्यासारखी टम्म फुगतात, ती यामुळेच. आतली हवा तेवढीच असते, बाहेरून दाबणारी कमी झालेली असते.

कुकीच्या पिठात नेमकं हेच घडतं. खायच्या सोड्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि त्याचे बुडबुडे पिठाला फुगवतात. दाब दोन-तृतीयांश झाला की तेवढाच वायू सुमारे दीडपट जागा घेतो. म्हणजे वहीत लिहिलेला अर्धा टीस्पून सोडा लेहला पाऊण टीस्पुनासारखा वागतो. पीठ भराभर फुगतं, बुडबुडे फुटतात आणि सगळं खाली बसतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंशानं उतरतो. समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळतं, बेळगावात ९७-९८ला आणि लेहला ८८च्या आसपास. तिकडे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही आणि कुकरशिवाय चालत नाही, त्याचं कारण हेच. बेकिंगमध्ये याचा अर्थ असा, की पिठातलं पाणी लवकर उडून जातं. शिवाय लडाखची हवा मुळातच कोरडी, वर्षाचा पाऊस जेमतेम १० सेंटिमीटर. तिथं मैदासुद्धा आपल्या मैद्यापेक्षा कोरडा असतो.

मग कुकी पसरते का?

ओव्हनमध्ये कुकीची शर्यत लागलेली असते. एकीकडे बटर वितळून पीठ पसरायला बघतं. दुसरीकडे मैद्यातला स्टार्च आणि अंड्यातलं प्रथिन घट्ट होऊन आकार धरायला बघतं. आपल्याकडे दोन्ही जवळपास बरोबरीनं पोचतात, म्हणून कुकी थोडी पसरते आणि थांबते.

उंचीवर पाणी उडाल्यानं उरलेल्या पाण्यात साखर दाट होते. दाट साखरेत स्टार्च आणि प्रथिन दोन्ही घट्ट व्हायला उशीर लावतात. आकार धरणारी बाजू मागं पडते. बटर मात्र वितळायला हवेचं काही विचारत नाही, ते आपल्या वेळेला वितळतंच. म्हणून कुकी पसरते. पसरलेली कड पातळ असल्यानं करपते आणि मधला भाग कच्चाच राहतो.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. ताईला वाटलं, ओव्हन नीट तापत नाही. ओव्हन १७५ अंश दाखवत असेल आणि धड असेल, तर लेहलाही तो १७५ अंशच असतो. बदलतं ते आतल्या पिठाचं वागणं. दुसरी समजूत अशी, की कच्चं राहतंय तर जास्त वेळ ठेवावं. तसं केलं की आहे तेवढंही पाणी उडतं आणि दाताला घाम फोडणारं बिस्कीट मिळतं.

काय बदलायचं?

हा प्रश्न आपल्या आधी कोलोरॅडोतल्या लोकांना पडला होता. तिथलं डेन्व्हर शहर १,६०० मीटरवर आहे. १९२०च्या दशकात तिथल्या कृषी महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवणाऱ्या इंगा अ‍ॅलिसन यांनी उंचीवरच्या बेकिंगवर प्रयोग सुरू केले. आज अमेरिकेत केकच्या तयार पिठाच्या खोक्यावरही उंच गावांसाठी वेगळी सूचना छापलेली असते. या सगळ्यातून निघालेले नियम सोपे आहेत. सोडा, साखर आणि बटर थोडं थोडं कमी करायचं. मैदा आणि ओलावा थोडा वाढवायचा. ओव्हन १० ते १५ अंशांनी जास्त तापवायचा आणि वेळ कमी करायचा.

मैदाही वाढवायचा आणि दूधही, हे ताईला उलटसुलट वाटलं. पण दोघांची कामं वेगळी आहेत. मैदा आकाराला बळ देतो. दूध त्या कोरड्या मैद्याला भिजायला पाणी देतं आणि साखरेला दाट होऊ देत नाही. ओव्हन जास्त तापवायचा तो कुकीनं पसरायच्या आत आकार धरावा म्हणून.

आमचं ठरलं, की एका खेपेला एकच गोष्ट बदलायची आणि चारच कुकीज भाजायच्या. सगळं एकदम बदललं तर कशानं जमलं ते कळत नाही, आणि सामानही वाया जातं. आधी फक्त सोडा निम्मा केला. कुकी बसायची थांबली, पसरायची थांबली नाही. मग साखर कमी, मग बटर, मग मैदा आणि दूध, शेवटी ओव्हन. ताई प्रत्येक खेपेचा फोटो पाठवायची आणि मी इथं वहीत टिपून ठेवायचे. सहाव्या खेपेला कुकी उभी राहिली.

बेळगावचं प्रमाण असं होतं: मैदा २०० ग्रॅम, बटर १२० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, एक अंडं, खायचा सोडा अर्धा टीस्पून, १७५ अंशांवर १२ मिनिटं.

लेहचं प्रमाण असं ठरलं: मैदा २२५ ग्रॅम, बटर १०५ ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, एक अंडं आणि एक टेबलस्पून दूध, सोडा पाव टीस्पून, १९० अंशांवर ९ ते १० मिनिटं.

आणखी दोन गोष्टी उपयोगी पडतात. गोळे करून अर्धा तास थंड जागी ठेवायचे, म्हणजे बटर उशिरा वितळतं. आणि झालेल्या कुकीज गार झाल्या की लगेच डब्यात झाकायच्या, नाहीतर तिथली हवा त्यांना रात्रीतून कडक करते. तुमचं कुणी उटीला असेल, तर ती जागा सुमारे २,२०० मीटरवर. तिथं एवढे बदल लागणार नाहीत, सोडा आणि साखरेपासून सुरुवात करावी.

लडाखी घरांत मात्र हा प्रश्नच नाही. त्यांची खंबीर नावाची जाड, आंबवलेली गव्हाची रोटी बघा. तिच्यात साखर-लोण्याचा भरणा नाही, पसरायला काही नाहीच. ती त्याच हवेत जन्मली. अडचण येते ती दुसरीकडून आलेल्या पाककृतीला.

वाङ्मय मंडळाच्या अंकात कुकी कशाला, असं कुणी म्हणेल. पण पाककृती हेही लेखनच आहे, आणि लिहिणारा आपलं गाव नकळत त्यात घालतो. आईची वही मी या निमित्तानं पुन्हा वाचली. '१२ मिनिटं' हे शब्द लेहला चालले नाहीत. पण त्याच ओळीत पुढं आईनं लिहिलंय, 'कडा सोनेरी होईपर्यंत'. ते शब्द साडेअकरा हजार फुटांवरही खरे निघाले. घड्याळाचा आकडा गावापुरता असतो, डोळ्यानं बघून लिहिलेलं दूरवर टिकतं. आपल्या आया-आज्या 'अंदाजानं' म्हणतात तेव्हा आपण हसतो, पण तो अंदाज म्हणजे समोरच्या पिठाकडे बघून घेतलेला निर्णय असतो.

एवढं वाचलंत तर एक करा. घरच्या वहीत पाककृती उतरवाल तेव्हा वर गावाचं नाव आणि उंची लिहा, वेळेबरोबर खूणही लिहा. पुढं ती वही कुणाबरोबर कुठं जाईल सांगता येत नाही. लग्न, नोकरी, पोस्टिंग, काहीही. परक्या गावी पहिलाच पदार्थ बिघडला की बायका आधी स्वतःला दोष देतात. निदान हवेचा दोष हवेवर जावा.

ताईनं ओव्हन विकला नाही. यंदा नाताळला शेजारच्या क्वार्टर्समधून तिला पाच डब्यांची ऑर्डर आहे.