तरणतलावाचा काठ : दगड, लाकूड की संमिश्र फळी?

लोणावळा, अलिबाग वा गोव्यातील बंगला असो, की बंगळुरू, हैदराबाद, इंदूर अशा शहरांच्या वेशीवरील फार्महाऊस असो, परसदारी लहानसा तरणतलाव असावा अशी हौस अनेक गृहस्थांना असते. त्याचे अंदाजपत्रक कर्जासाठी बँकेत येते तेव्हा खोदकाम, पंप व जलशुद्धीकरण यंत्रणा यांचे आकडे तपशीलवार दिलेले असतात. तलावाभोवतीच्या काठाचा, म्हणजे ज्यास सर्रास ‘डेक’ म्हटले जाते त्याचा, उल्लेख मात्र पुष्कळदा ‘फरशीकाम’ या एका शब्दात उरकलेला आढळतो. वस्तुतः ओल्या पायांनी मुले धावतात आणि वडीलधारी मंडळी खुर्च्या टाकून बसतात, ती याच काठावर. घसरण्याचा धोकाही येथेच आणि वारंवार उद्भवणारा दुरुस्तीचा खर्चही येथेच. म्हणूनच या साहित्याची निवड डोळसपणे होणे अगत्याचे आहे.

साहित्यास द्याव्या लागणाऱ्या तीन परीक्षा

काठासाठी वापरलेले कोणतेही साहित्य तीन कसोट्यांवर उतरले पाहिजे. ओले झाल्यावर ते निसरडे होता कामा नये. भर दुपारच्या उन्हात त्यावर अनवाणी पाय ठेवता आला पाहिजे. ऊन, पाऊस, क्लोरिनयुक्त पाणी आणि तलावाची आम्लता राखण्यासाठी वापरली जाणारी रसायने यांच्या सान्निध्यात ते टिकले पाहिजे. दुकानातील कोरड्या, सावलीतील नमुन्यावरून यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

दगड

आपल्या देशात दगडाची वाण नाही. राजस्थानातील कोटा, कर्नाटकातील शहाबाद आणि आंध्र प्रदेशातील कडप्पा येथील फरश्या सर्वपरिचित आहेत. हे तिन्ही दगड चुनखडीच्या जातीचे आहेत, ही गोष्ट ध्यानी ठेवावी. चुनखडीचे आम्लाशी वैर असते. तलावात घालावयाचे आम्ल काठावर सांडले, अथवा फरशी आम्लाने धुतली, तर पृष्ठभाग खरवडल्यासारखा होऊन डाग कायमचे राहतात. शिवाय पॉलिश केलेली कोटा फरशी ओली झाली की पाय ठरत नाही. तेव्हा कोटा घ्यावयाची तर ती पॉलिश न केलेली, नैसर्गिक पृष्ठभागाची घ्यावी. काळा कडप्पा उन्हात फार तापतो, म्हणून उघड्या काठासाठी तो टाळलेला बरा.

ग्रॅनाइट आम्लास चुनखडीपेक्षा पुष्कळच दाद देत नाही. ज्वालेने तापवून खरखरीत केलेला, फिकट रंगाचा ग्रॅनाइट हा टिकाऊ पर्याय होय. कोकणातील जांभा घराच्या भिंतींना शोभतो. परंतु तो सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो व पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते. काठासाठी तो वापरल्यास घासून स्वच्छ करण्याचे काम नित्याचे होते.

टाइल्स

विट्रिफाइड टाइल अत्यल्प पाणी शोषते, रसायनांनाही बधत नाही. मात्र ‘अँटिस्किड’ एवढ्या शब्दावर समाधान मानू नये. टाइलवर ‘आर-१०’, ‘आर-११’ अशी जी श्रेणी असते, ती पादत्राणे घालून, तेलकट उतारावर घेतलेल्या चाचणीची असते. अनवाणी, ओल्या पायांसाठी स्वतंत्र जर्मन चाचणी असून तीत ए, बी व सी असे वर्ग आहेत. तलावाच्या काठासाठी किमान बी, तर पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांसाठी सी वर्ग योग्य समजला जातो. विक्रेत्याकडे या वर्गाचे प्रमाणपत्र मागावे.

लाकूड आणि संमिश्र फळी

लाकडाचा स्पर्श पायांस सुखद असतो, हे निर्विवाद. सागवान घ्यावयाचे तर गाभ्याचे घ्यावे. सालीलगतचे फिकट लाकूड सागाचे असले तरी कीड व बुरशी यांपुढे टिकत नाही. लाकूड नीट वाळवलेले असावे, फळ्यांमध्ये सुमारे पाच मिलिमीटर फट असावी आणि खालून वारा खेळता राहावा. जमिनीवर वाळवीप्रतिबंधक उपाय आधीच करून घ्यावेत. तेल न दिल्यास साग उन्हाने राखाडी होतो. मूळ रंग हवा असेल तर नियमित तेलपाणी करण्याचा खर्च हिशेबात धरावा लागतो.

लाकडाचा भुसा व प्लॅस्टिक यांपासून बनविलेल्या, ‘डब्ल्यूपीसी’ या नावाने मिळणाऱ्या फळ्यांना तेल-पॉलिश लागत नाही. तथापि त्या उन्हाने लांबीत वाढतात. टोकांशी पुरेशी जागा न सोडल्यास फळ्या उचलल्या जातात. गडद रंगाच्या फळ्या तापतातही पुष्कळ. राजस्थान वा विदर्भातील उन्हाळ्यात ही बाब गौण नाही.

फळ्या कोणत्याही असोत, स्क्रूकडे दुर्लक्ष नको. समुद्रकाठी व क्लोरिनच्या सान्निध्यात साधे लोखंड लवकर गंजते. तेथे ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरावे. त्यातील मॉलिब्डेनममुळे ते नेहमीच्या ३०४ प्रतीपेक्षा क्षारांस अधिक समर्थपणे तोंड देते.

खर्चाचा खरा हिशेब

आता आमच्या विषयाकडे वळू. पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून कल्पिलेले आहेत. समजा, एका काठास ६०,००० रुपये खर्च आला, तो ६ वर्षे टिकला आणि देखभालीस दरवर्षी ६,००० रुपये लागले. दुसऱ्यास १,२०,००० रुपये लागले, तो २० वर्षे टिकला आणि देखभाल वर्षाला २,००० रुपयांत भागली. व्याज बाजूला ठेवले तर पहिल्याचा वार्षिक भार १६,००० रुपये, तर दुसऱ्याचा ८,००० रुपये पडतो. स्वस्त दिसणारा काठ दुपटीने महाग ठरला!

अर्थात व्याज धरल्यास हे अंतर कमी होते. घर चार-पाच वर्षांत विकावयाचे असेल तर उत्तर वेगळेही येऊ शकेल. परंतु एक नियम सर्वांनीच पाळावा : कर्जाची मुदत साहित्याच्या आयुष्याहून कमी असावी. सहा वर्षे टिकणाऱ्या काठासाठी दहा वर्षांचे कर्ज घेतले, तर उखडून टाकलेल्या काठाचे हप्ते पुढील चार वर्षे भरावे लागतील आणि नव्या काठाचा खर्च त्यावर पडेल तो निराळाच.

काम सोपविण्यापूर्वी

• नमुन्याची फरशी वा फळी एप्रिल-मे महिन्यातील दुपारी दोन-तीन तास उन्हात ठेवावी व तीवर अनवाणी उभे राहून पाहावे. नंतर ती ओली करून पुन्हा पाहावे. घरातील ज्येष्ठांचे मत यावेळी अवश्य घ्यावे.

• काठाचा उतार तलावाच्या विरुद्ध दिशेस, शंभरास एक ते दोन असा असावा, म्हणजे गढूळ पाणी तलावात जात नाही.

• तलावाची भिंत व काठ यांमधील दरज सिमेंटने न भरता लवचीक सीलंटने भरावी. दोन्हींची हालचाल निराळी असल्याने सिमेंट तडकते.

• साहित्याची जात, जाडी, प्रत, स्क्रूचा प्रकार व हमीची मुदत या बाबी अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे लिहून घ्याव्यात.

असे तपशीलवार अंदाजपत्रक घेऊन आपण शाखेत आलात, तर कर्जाची रक्कम व मुदत ठरविणे आम्हांस सोपे जाईल. आपल्यालाही प्रत्येक रुपया कोठे जाणार आणि किती वर्षे उपयोगी पडणार, हे आधीच कळलेले असेल.