लावणीची चाल कोणाची? तमाशा-संगीताविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

चित्रपटातून कानी पडते तीच खरी लावणी, हा समज किती अपुरा आहे, हे जुन्नर तालुक्यातील नारायणगावच्या फडांकडे, म्हणजे तमाशा मंडळींकडे, पाहिले म्हणजे ध्यानात येते. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटांना अनुक्रमे वसंत पवार आणि राम कदम यांनी दिलेले संगीत उत्तमच आहे; परंतु ते ध्वनिमुद्रणासाठी बांधलेले असून फडाची जुनी लावणी मात्र ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि कडे, म्हणजे वाजवण्याचा लोखंडी त्रिकोण, एवढ्याच साहित्यावर उभी राहते. तुणतुण्याची एकुलती एक तार अखंड षड्ज धरून असते, शाहीर ओळ टाकतो आणि मागे उभे असलेले सुरते, म्हणजे साथीचे गायक, तिचा शेवट ‘जी जी’च्या चढ्या सुरात उचलून धरतात. असाच गैरसमज इतरत्रही आढळतो: हंगेरीतील नागर रसिकही करमणुकीसाठी रचलेल्या शहरी चालींनाच देशी लोकसंगीत मानत असत. संगीतकार बेला बार्टोक आणि झोल्तान कोडाय यांनी १९०५ नंतर खेडोपाडी हिंडून गाणी टिपली, तेव्हा तो भ्रम दूर झाला आणि पुढच्या संगीतकारांना खरा पाया मिळाला.

लोकसंगीत निनावी असते, हा समज लावणीला मुळीच लागू पडत नाही, कारण कवनाच्या अखेरीस शाहीर आपली नाममुद्रा घालतो आणि त्यामुळेच जुन्नरशेजारच्या संगमनेरचे अनंत फंदी किंवा पुढच्या काळातील पठ्ठे बापूराव यांचे कर्तृत्व आजही ओळखता येते. तमाशा म्हणजे निव्वळ लावणी, असेही नव्हे: ढोलकी फडात गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे सलग कथानकाचे नाट्य, असा क्रम असतो, तर संगीतबारी या तमाशाच्या दुसऱ्या प्रकारात वग नसून गायन आणि नृत्य यांवरच भर असतो.

ही परंपरा सरली, असे म्हणणाऱ्यांनी गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात लागणाऱ्या फडांच्या राहुट्या अवश्य पाहाव्यात, जेथे गावोगावचे पुढारी यात्रेसाठी सुपारी ठरवण्यास येतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडात वाढलेल्या विठाबाई २००२ साली निवर्तल्या, तरी त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा केला; आणि वगासाठी आजही नवी कवने रचली जातात, नव्या चाली बांधल्या जातात.