तांब्याची तार वाकते, मग मोबाईलच्या चिपमधलं सिलिकॉन का फुटतं?

तांब्याची तार बोटांनी सहज वाकवता येते. पण मोबाईलची चिप ज्या सिलिकॉनपासून बनते, त्याची चकती खाली पडली तर काचेसारखे तुकडे होतात. दोन्हींमध्ये अणू शिस्तीत रांगा करून बसलेले असतात. मग फरक कुठे पडतो?

सतरंजीची सुरकुती

या रांगांमधली एखादी रांग मध्येच संपते. अशा दोषाला 'डिसलोकेशन' म्हणतात. जड सतरंजी ओढणं कठीण. पण तिला एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली, की सतरंजी सहज सरकते. डिसलोकेशन ही तशीच सुरकुती. ती सरकते तेव्हा अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात आणि धातू न तुटता वाकतो. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी १९३४ मध्ये ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली.

तडा कुठे अडतो?

तडा गेला की सगळा ताण त्याच्या टोकाशी एकवटतो. तांब्यात तिथून डिसलोकेशन सुटतात, ताण कमी होतो आणि टोक बोथट होतं. सिलिकॉनमध्ये अणूंचे बंध इतके ताठ असतात, की नेहमीच्या तापमानाला डिसलोकेशन जवळजवळ हलतच नाहीत. टोक धारदार राहतं आणि तडा आरपार जातो. आधी तडा वाढेल की डिसलोकेशन सुटेल, या शर्यतीचं गणित राइस आणि थॉमसन यांनी १९७४ मध्ये मांडलं.

तोच दोष चिपमध्ये नकोसा

चिपमध्ये सिलिकॉनवर सिलिकॉन-जर्मेनियमचा अतिशय पातळ थर चढवतात. जर्मेनियमच्या अणूंमधलं अंतर सिलिकॉनपेक्षा सुमारे ४ टक्के जास्त. त्यामुळे वरचा थर अंग चोरून बसतो. हा ताण उपयोगी पडतो: इंटेलने २००३ मध्ये ९० नॅनोमीटर चिपमध्ये तो वापरून ट्रान्झिस्टर वेगवान केले.

पण थर जाड होत गेला की साठलेला ताण वाढतो. हे काम शेकडो अंश तापमानात चालतं आणि तिथे सिलिकॉनमध्येही डिसलोकेशन हलू शकतात. एका मर्यादेनंतर ते दोन थरांच्या सीमेवर तयार होतात. कमावलेला ताण निघून जातो, वर विजेची गळती होते. ही मर्यादा काढण्याचं प्रसिद्ध सूत्र मॅथ्यूज आणि ब्लेकस्ली यांचं, तेही १९७४ चंच.

म्हणून पुलाच्या पोलादात डिसलोकेशन हलायला हवेत, आणि चिपचा थर मात्र ते जन्मायच्या आत थांबवावा लागतो.