समाजमाध्यमांवरील जाहिरात आणि तिचें वेळापत्रक

शेतमाल पिकविणें हें एक काम, आणि तो तयार आहे ही वार्ता योग्य वेळीं गिऱ्हाइकाच्या कानीं घालणें हें दुसरें काम होय. भात कणगींत महिनोन्महिने थांबूं शकतो. चिकू थांबत नाहीं. झाडावरून उतरविलेलें चिकूचें फळ साधारणतः पांच ते सात दिवसांत पिकतें आणि पुढें लवकरच मऊ पडून वायां जातें. अशा मालास गिऱ्हाईक मिळण्यास चार दिवसांचा विलंब झाला, तर अडत्या देईल तो भाव घेण्यावांचून बागायतदारास गत्यंतर उरत नाहीं. डहाणू घोलवड चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें व त्याचें नांव दूरवर गेलें. परंतु नांव गेलें म्हणून फळ आपोआप जात नाहीं. म्हणून जे बंधू शहरांतील गिऱ्हाइकांस थेट माल देऊं लागले आहेत, त्यांच्या उपयोगाची एक गोष्ट येथें सांगण्याचें योजिलें आहे.

पूर्वीं गांवांत कांहीं जाहीर करावयाचें असल्यास दवंडी पिटीत. आज तें काम फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप यांजवर होतें. घोलवड, बोर्डी, डहाणू येथील कित्येक बागायतदार व तलासरीकडील वारली चित्रें काढणारे तरुणही आपला माल तेथें दाखवितात. परंतु बहुतेकांचा क्रम असा दिसतो कीं, सवड मिळाली त्या दिवशीं चार संदेश टाकावयाचे आणि तोडणीची घाई सुरू झाली कीं पंधरा दिवस मौन पाळावयाचें. म्हणजे माल नसतांना जाहिरात व माल असतांना शांतता! हा उलटा क्रम सुलट करण्यासाठीं जीं साधनें निघालीं आहेत, त्यांस संदेशांचें नियोजन करणारीं साधनें म्हणतात.

हीं साधनें काय करतात तें एका दाखल्यानें स्पष्ट होईल. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. तेथें बाहेर जाणारें प्रत्येक पत्र जावक बारनिशींत चढविल्यावांचून शिपायाच्या हातीं पडत नसे. नियोजनाचें साधन म्हणजे पुढील तारखांची जावक बारनिशी आणि तारीख येतांच टपाल नेणारा शिपाई, हीं दोन्ही एकत्र होत. सवडीच्या वेळीं मजकूर लिहावा, छायाचित्र जोडावें, दिवस व वेळ नेमावी; तो संदेश त्या कंपनीच्या संगणकांत जमा राहतो व नेमल्या वेळीं प्रसिद्ध होतो. त्या वेळीं आपला फोन बंद असला तरी अडत नाहीं. तलासरी तालुक्याच्या आंतील पाड्यांवर, जेथें रेंज कधीं येते व कधीं जाते, तेथील बंधूंस हा लाभ मोठा आहे. बाजाराच्या दिवशीं तलासरीस आल्यावर आठवड्याचे संदेश एकदम लावून ठेवतां येतात.

आतां साधनें कोणतीं तें पाहूं. फेसबुक व इन्स्टाग्राम यांच्या मालक कंपनीचें ‘मेटा बिझनेस सूट’ हें साधन विनामूल्य आहे. त्यांत महिन्याचें कॅलेंडर दिसतें व प्रत्येक तारखेखालीं लावलेला संदेश वाचतां येतो. त्यासाठीं फेसबुकवर धंद्याचें पान असावें लागतें आणि इन्स्टाग्रामचें खातें व्यावसायिक करून त्या पानास जोडावें लागतें. इन्स्टाग्रामनें खुद्द आपल्या ॲपमध्येंही अशा खात्यांस २०२२ सालीं ही सोय दिली. याखेरीज २००८ सालीं कॅनडांत निघालेलें ‘हूटसूट’ व २०१० सालीं इंग्लंडांत सुरू झालेलें ‘बफर’ हीं निरनिराळ्या कंपन्यांचीं माध्यमें एकाच ठिकाणाहून चालवितात. हूटसूटची विनामूल्य योजना २०२३ सालीं बंद झाली. ज्याचें काम फेसबुक व इन्स्टाग्राम यांवरच भागतें, त्यानें आरंभीं पैसे मोजूं नयेत असें आमचें मत आहे.

व्हॉट्सॲपची गोष्ट निराळी. तें चव्हाट्यावरील दवंडीपेक्षां घरीं जाऊन दिलेल्या निरोपासारखें आहे. धंद्यासाठीं २०१८ सालीं निघालेल्या त्याच्या स्वतंत्र ॲपमध्यें मालाची यादी लावतां येते, नेहमीचीं उत्तरें तयार ठेवतां येतात, आणि आपण बागेंत असतांना ‘सायंकाळीं उत्तर देऊं’ असा निरोप आपोआप जाईल अशी वेळ नेमतां येते. एकाच वेळीं अनेकांस पाठविण्याची यादीही त्यांत आहे. परंतु ज्यांनीं आपला क्रमांक आपल्या फोनांत जतन केला आहे, त्यांनाच तो निरोप पोहोंचतो. यास्तव पहिल्या पेटीबरोबरच गिऱ्हाइकास क्रमांक जतन करण्याची विनंती करावी.

तथापि साधनाहून आधीं वही हवी. एका साध्या वहींत तारीख, माल, मजकूर व जबाबदार माणूस असे चार रकाने आंखावे. मग संदेशांचे तीन वर्ग करावे. पहिला वर्ग न बदलणाऱ्या गोष्टींचा: बागेची माहिती, फळ घरीं कसें पिकवावें, मानांकनाचा अर्थ. हे संदेश महिनाभर आधीं लावले तरी बाध नाहीं. दुसरा वर्ग सणांचा व हंगामाचा. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्री पौर्णिमेस सुरू होते व दिवाळींत भेटवस्तूंस मागणी असते. यंत्रास तिथी कळत नाहीं, इंग्रजी तारीख तेवढी कळते. म्हणून दरसाल पंचांग पाहून तारीख घालावी. तिसरा वर्ग भाव, पेट्यांची संख्या व पाठवणीचा दिवस यांचा. हे संदेश फळ वखारींत आल्यावर, मोजून, त्याच दिवशीं हातानें टाकावे. यंत्राच्या स्वाधीन कदापि करूं नयेत. वारली चित्र भिंतीवर टांगलें तरी नासत नाहीं, म्हणून त्याची जाहिरात आधीं लावणें ठीक. चिकूची तशी गोष्ट नाहीं.

हा नियम आम्ही पुस्तकांतून शिकलों नाहीं, नुकसान सोसून शिकलों. एका पावसाळ्यांत आमच्या गटानें सोमवारीं बसून आठवड्याचे सर्व संदेश लावले. गुरुवारच्या संदेशांत भाव घातला होता व ‘आज माल निघेल’ असें अभिवचन होतें. लिहिणारा हात आमचाच होता. बुधवारीं रात्रभर पाऊस कोसळला, तोडणी झालीच नाहीं, आणि झाडाखालीं गळलेल्या फळांचा सडा पडला. यंत्रानें मात्र गुरुवारीं सकाळीं सात वाजतां आपलें काम चोख बजाविलें. खात्याचा पासवर्ड ज्या एका मुलाजवळ होता तो परगांवीं गेला होता. दुपारपर्यंत चाळीसएक मागण्या आल्या व कित्येकांनीं पैसेही आगाऊ पाठविले. पैसे आम्हीं दुसऱ्या दिवशीं परत केले. परंतु त्यांतील कांहीं कुटुंबांनीं पुन्हां मागणी केली नाहीं. त्यांचा दोष आम्ही मानीत नाहीं.

यावरून दुसरा नियम निघतो. संदेश लावणारा जितका आवश्यक, तितकाच तो थांबविणारा आवश्यक आहे. डहाणू-तलासरी भागांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्क्यांमागून धक्के बसूं लागले व धुंदलवाडीच्या परिसरांत लोक थंडींत घराबाहेर तंबूंत झोपले. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळानें या किनाऱ्यावरील बागांस झोडपलें. अशा दिवशीं शेजाऱ्याचें घर हादरत असतां आपल्या नांवानें ‘गोड चिकूचा आनंद लुटा’ असा संदेश निघाला, तर तो वाचणाऱ्यास काय वाटेल? यंत्रास तिथी कळत नाहीं तसें सुतकही कळत नाहीं. म्हणून खात्याचा अधिकार निदान दोन विश्वासू माणसांस द्यावा, आणि आपत्तीची वार्ता येतांच लावलेले संदेश प्रथम मागें घ्यावे, मग इतर बोलावें.

शेवटीं कांहीं किरकोळ परंतु उपयुक्त सूचना. खातें उघडतांना वेळ भारतीय प्रमाणवेळेनुसार आहे ना, हें पाहावें. परदेशी साधनांत ती चुकल्यास सकाळचा संदेश मध्यरात्रीं निघतो. गिऱ्हाईक कोणत्या वेळीं फोन पाहतात याचे आंकडे हीं साधनें दाखवितात. तें पाहून वेळ ठरवावी, दुसऱ्याच्या वेळेची नक्कल करूं नये. संदेश गेल्यावर जे प्रश्न येतात, त्यांस उत्तर देण्यास अर्धा तास राखून ठेवावा. कारण उत्तर न देणारी जाहिरात म्हणजे दार लावलेलें दुकान. महिन्याच्या अखेरीस वही उघडून कोणत्या संदेशामागें किती पेट्या गेल्या याचा मेळ घालावा व ज्यामागें एकही गेली नाहीं तो पुढील महिन्यांत गाळावा.

बारनिशी नीट ठेवली म्हणजे कचेरीचें काम सुरळीत चालतें, हें आम्हीं अनेक वर्षें पाहिलें. परंतु पत्रांतील मजकूर खरा आहे कीं नाहीं हें बारनिशी कधींच सांगत नसे. तें सही करणाऱ्यास पाहावें लागे. बागायतदार बंधूंनीं यंत्राकडून टपाल अवश्य न्यावें. सही मात्र बागेंत फेरी मारून आल्यावर स्वतःच करावी.