मुक्त शैक्षणिक संसाधने आणि महाराष्ट्राबाहेरील मराठीचे अध्यापन

बनारस हिंदू विद्यापीठ, हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ अशा महाराष्ट्राबाहेरील अनेक ठिकाणी मराठीच्या अध्यापनाची परंपरा आहे. या विभागांची अडचण सर्वसाधारणपणे एकच आहे. अध्यापकांची संख्या तुटपुंजी असते आणि महाराष्ट्रात तयार होणारी पाठ्यपुस्तके मराठी वातावरणात वाढलेला विद्यार्थी गृहीत धरून लिहिलेली असतात. त्यामुळे अध्यापकाला आपल्या वर्गापुरती टिपणे, स्वाध्याय आणि उताऱ्यांचे संच स्वतःच सिद्ध करावे लागतात. वर्षानुवर्षांच्या श्रमातून झालेली ही सामग्री बहुधा त्याच्या कपाटात किंवा संगणकात राहते आणि तो निवृत्त झाला, की वापरातून जाते. दुसऱ्या नगरातील अध्यापक तेच काम पुन्हा पहिल्यापासून आरंभतो. ही सामग्री परस्परांना उपलब्ध कशी व्हावी आणि मुख्य म्हणजे ती दुसऱ्याने वापरावी कशी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा जुलै २००२ मध्ये युनेस्कोने पॅरिस येथे भरविलेल्या परिषदेत पुढे आली. तत्पूर्वी एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने आपल्या अभ्यासक्रमांची सामग्री महाजालावर खुली करण्याचा संकल्प जाहीर केला होता. भारतात एनपीटीईएल, ई-पीजी पाठशाला आणि २०१७ मध्ये सुरू झालेले ‘स्वयम्’ हे उपक्रम परिचित आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये युनेस्कोच्या महासभेने या विषयावर सदस्य राष्ट्रांसाठी शिफारसही स्वीकारली. तथापि विनामूल्य असणे आणि मुक्त असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे भान आपल्याकडे अद्याप पुरेसे रुजलेले नाही. महाजालावर जे फुकट वाचता येते, ते बदलून पुन्हा वितरित करण्याची अनुमती असेलच असे नाही. ती अनुमती आधीच लेखी दिलेली असणे हे मुक्त संसाधनाचे खरे लक्षण होय.

या चर्चेत सारा भर देण्यावर असतो, घेण्याविषयी फारसे बोलले जात नाही. वास्तविक अडथळा तेथेच अधिक आहे. दुसऱ्याचे टिपण वर्गात वापरणे म्हणजे उसनवारी, अशी एक समजूत अध्यापकवर्गात दिसते. (दुसऱ्याने लिहिलेले पाठ्यपुस्तक वापरताना मात्र असा संकोच कोणालाच वाटत नाही.) शिवाय दुसऱ्याचा पाठ आपल्या वर्गाला जसाच्या तसा लागू पडत नाही, ही तक्रारही खरी असते. पण पुनर्वापर म्हणजे नक्कल नव्हे. एक व्याकरणविषयक उदाहरण घेऊ.

मराठीतील भूतकाळी कर्मणी रचना शिकविणारा एक घटक बनारसमध्ये तयार झाला, असे समजू. हिंदीभाषक विद्यार्थ्याला ‘उसने आम खाया’ ही रचना ठाऊक असल्याने ‘त्याने आंबा खाल्ला’ सहज कळते. अडचण प्रथम व द्वितीय पुरुषात येते. हिंदीत ‘मैंने’ म्हणतात, मराठीत मात्र ‘मी आंबा खाल्ला’ असे म्हणावे लागते. परिणामी ‘मीने’ असे रूप त्याच्या तोंडी येण्याचा संभव असतो. शिवाय ‘तू आंबा खाल्लास’ मधील अखेरचा ‘स’ त्याला सर्वस्वी नवा. हाच घटक हैदराबादला गेला, तर तेलुगूभाषक विद्यार्थ्यासाठी आरंभच बदलावा लागेल. तेलुगूत भूतकाळातही क्रियापद कर्त्यानुसारच चालते. त्यामुळे ‘तिने भाकरी खाल्ली’, ‘तिने आंबा खाल्ला’ या वाक्यांत कर्ता तोच असून क्रियापद का बदलले, हीच त्याची पहिली शंका. बडोद्यात पुन्हा वेगळे: ‘में केरी खाधी’ म्हणणाऱ्या गुजरातीभाषकाला कर्माशी होणारा मेळ परिचित असतो, ‘हुं’चे ‘में’ होते तसा पालट मराठीतील ‘मी’मध्ये होत नाही, एवढेच त्याला सांगावे लागते. मराठीची नियमव्यवस्था, वाक्यसंग्रह आणि सरावाचे तक्ते हा घटकाचा मोठा भाग तिन्ही ठिकाणी समान राहतो. प्रस्तावना आणि अपेक्षित चुकांचा भाग तेवढा पालटतो. तीन अध्यापकांचे श्रम एकमेकांत मिळतात आणि प्रत्येकाचे स्वतःचे काहीतरी उरते. यासाठी सामग्री लहान घटकांत असणे इष्ट. चाळीस व्याख्यानांची सलग मालिका पाहता येते, तिच्यात बदल करणे अवघड.

मराठीपुरता एक तांत्रिक अडसर येथे आवर्जून नोंदविला पाहिजे. युनिकोड सार्वत्रिक होण्यापूर्वी, आणि कित्येक ठिकाणी त्यानंतरही, मराठी मजकूर श्री-लिपी, आकृती यांसारख्या टंकांत टंकलिखित होत असे. त्यांत देवनागरी अक्षरांच्या आकृत्या रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसविलेल्या असतात. तो टंक नसलेल्या संगणकावर अशी धारिका उघडली, की रोमन अक्षरांची निरर्थक रांग समोर येते. म्हणून अनेक जण मुद्रित प्रतीचे छायाचित्र काढून पीडीएफ करून पाठवितात. ते वाचता येते, पण त्यात एक शब्दही बदलता येत नाही. रूपांतरक उपलब्ध आहेत. मात्र त्यांतून आलेल्या मजकुरातील जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेच लागतात. ज्या विभागांत अशी जुनी टिपणे आहेत, त्यांनी ती युनिकोडमध्ये, संपादनक्षम स्वरूपात आणण्याचे काम प्रथम हाती घ्यावे, असे माझे मत आहे. परवान्याची चर्चा त्यानंतरची.

परवान्याच्या बाबतीत गोंधळ बराच आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींना सूट आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रत-केंद्राविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी दाखल केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ९ डिसेंबर २०१६ रोजी या सुटीचा व्यापक अर्थ लावला. परंतु ही सवलत वर्गातील अध्यापनापुरती आहे. तिच्या आधारे कोणाची कविता मुक्त परवान्याखाली जाहीर करता येत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क टिकतो. बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये निवर्तले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता २०१७ पासून निर्बंधमुक्त आहेत; कुसुमाग्रजांच्या नाहीत. तुकारामांचा अभंग मुक्त असला, तरी त्यावर आधुनिक संपादकाने लिहिलेल्या टीपा मुक्त असतीलच असे नाही.

स्वतःच्या टिपणांसाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने सोयीचे आहेत. मात्र त्यांपैकी ‘फेरबदल नको’ अशी अट असलेला परवाना निवडला, तर वरील उदाहरणातील हैदराबादच्या अध्यापकाला आपली बदललेली आवृत्ती इतरांना देता येणार नाही. श्रेयनिर्देश आणि त्याच अटींवर पुनर्वितरण, एवढ्याच अटींचा परवाना या कामी अधिक उपयुक्त. तसेच नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा प्रथम हक्क, विरुद्ध करार नसल्यास, कलम १७ अन्वये नियोक्त्याकडे जाऊ शकतो. यासाठी विद्वत् परिषदेचा स्पष्ट ठराव आधीच करून घेतलेला बरा.

उरतो श्रेयाचा प्रश्न. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत ई-सामग्रीच्या निर्मितीला गुण होते; अन्य अध्यापकाच्या घटकाचे आपल्या वर्गासाठी रूपांतर करण्याला त्यात स्वतंत्र शीर्षक नव्हते. नियम बदलेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. प्रत्येक घटकाच्या पहिल्या पानावर मूळ कर्ता, रूपांतरकर्ते, वर्ष आणि काय बदलले याची चार ओळींची नोंद ठेवावी, आणि विभागाच्या वार्षिक अहवालात निर्मितीच्या यादीखाली ‘घेतलेले व बदललेले घटक’ अशी दुसरी यादी द्यावी.