द्विकार्यी कीलेटर

द्विकार्यी कीलेटर हा असा सेंद्रिय रेणू होय, ज्याचा एक भाग किरणोत्सारी धातूच्या आयनाला घट्ट धरून ठेवतो आणि दुसरा भाग पेप्टाइड किंवा प्रतिपिंड यांसारख्या जैवरेणूला जोडलेला असतो. कीलेट हा शब्द खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला आहे. आयोडीन जैवरेणूला थेट जोडता येते. धातूला मात्र असा मध्यस्थ लागतो.

परळमधील वापर

परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर हा भाभा अणुसंशोधन केंद्राचा विभाग १९६३ मध्ये सुरू झाला. टाटा स्मारक रुग्णालयाच्या जोडइमारतीत असलेल्या या केंद्रात न्यूरोएंडोक्राइन अर्बुदांच्या उपचारासाठी ल्युटेशियम-१७७ डोटाटेट वापरले जाते. यातील पेप्टाइड अर्बुदपेशींवरील सोमॅटोस्टॅटिन ग्राहींना चिकटते, तर डोटा हा कीलेटर ल्युटेशियम वाहून नेतो. ट्रॉम्बे येथील ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम-१७६ वर न्यूट्रॉनांचा मारा करून हा समस्थानिक मिळवतात. त्याचा अर्धायुकाल सुमारे ६.६५ दिवस आहे. तेवढा काळ धातू कीलेटरमध्येच राहणे आवश्यक असते, कारण सुटलेले ल्युटेशियम हाडांत साचते आणि अस्थिमज्जेला किरणोत्साराचा मार बसतो.

रचनेची तत्त्वे

कीलेटर निवडताना केवळ बंधाची ताकद पाहून भागत नाही. डीटीपीए आणि डोटा या दोहोंत धातूला धरणारे ८ अणू असतात. तरीही डीटीपीएची साखळी मोकळी असल्याने तिची एकेक बाजू सुटत जाऊ शकते. डोटामध्ये ४ नायट्रोजन आधीच वलयात बांधलेले असून ४ कार्बॉक्सिल भुजा धातूला वरून वेढतात. रक्तात कॅल्शियम, जस्त आणि धातुवाहक प्रथिने विपुल असतात. तेथे विघटनाचा मंद वेग हाच निर्णायक ठरतो.

या वलयाची किंमतही मोजावी लागते. ज्या दारातून धातू सहजी बाहेर पडत नाही, त्यातून तो सहजी आतही जात नाही. म्हणून डोटाटेट सौम्य आम्लधर्मी द्रावणात सुमारे ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तयार करतात. लहान पेप्टाइड हे तापमान सोसते, प्रतिपिंड सोसत नाही. त्यासाठी सामान्य तापमानाला धातू स्वीकारणारे, पण कडक सांगाड्याचे डीटीपीएचे प्रकार योजले जातात.

ध्रुवसारख्या अणुभट्टीत थेट मार्गाने मिळणाऱ्या ल्युटेशियममध्ये न बदललेले स्थिर अणूही असतात. रासायनिकदृष्ट्या कीलेटरला दोन्ही सारखेच! स्थिर अणू जागा अडवतात, त्यामुळे पेप्टाइड अधिक घ्यावे लागते. ग्राहींची संख्या मर्यादित असल्याने, समृद्ध ल्युटेशियम-१७६ पासून सुरुवात करून किरणोत्सारी अणूंचे प्रमाण वाढवले जाते. लोह किंवा जस्ताचे अंश असलेले पाणीही याच कारणाने अभिक्रिया बिघडवू शकते.

धातू बदलला की नांगीही बदलते. गॅलियम-६८ चा अर्धायुकाल सुमारे ६८ मिनिटे असून त्याचा आयन ल्युटेशियमपेक्षा लहान असतो. त्याला नोटा हे ३ नायट्रोजनांचे छोटे वलय अधिक नेटके बसते. झिर्कोनियम-८९ साठी बहुधा डिफेरॉक्झामिन वापरतात. हे संयुग मुळात शरीरातील जादा लोह काढून टाकण्याचे औषध आहे.